फाटण्यासाठी छापलेल्या नोटा

१९४४ च्या जून महिन्यात अमेरिकेच्या सरकारी छापखान्यातून एक डॉलरच्या काही नोटा बाहेर पडल्या. जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र नेहमीचंच, निळा शिक्का नेहमीचाच, सह्याही त्याच. फरक एवढाच, की पुढच्या बाजूला उजवीकडे खाली एक छोटंसं लाल अक्षर छापलं होतं. काही नोटांवर ‘आर’, काहींवर ‘एस’. ‘आर’ म्हणजे रेग्युलर, नेहमीच्या कागदावरची. ‘एस’ म्हणजे स्पेशल, नव्या तऱ्हेच्या कागदावरची. दोन्ही प्रकारच्या प्रत्येकी ११ लाख ८४ हजार नोटा छापून बाजारात सोडल्या गेल्या. त्या खऱ्या नोटा होत्या, एका डॉलरची पूर्ण किंमत त्यांना होती. पण छापणाऱ्यांना त्यांच्याकडून वेगळंच काम करून घ्यायचं होतं. त्यांनी खिशाखिशांतून फिरावं, चुरगळावं, मळावं, घडीवर झिजावं आणि निकामी होऊन परत यावं. मग कोणता कागद किती टिकला याचा हिशेब मांडायचा, असा बेत होता.

यातली ‘आर’ची नोट मला ‘एस’पेक्षा जास्त महत्त्वाची वाटते. नेहमीच्या कागदाच्या कोट्यवधी नोटा बाजारात असताना आणखी काही लाख नोटांवर खूण कशासाठी करायची? कारण तुलना करायची तर दोन्ही प्रकारच्या नोटा एकाच सुमारास, सारख्याच नव्याकोऱ्या अवस्थेत लोकांच्या हाती पडायला हव्यात. शिवाय लाल अक्षर पाहून कुणाला ती नोट जपून ठेवावीशी वाटली, तर तो धोका दोन्हीकडे सारखाच राहायला हवा. एवढा विचार करूनही त्या चाचणीतून ठाम निष्कर्ष काही निघाला नाही. आज त्या नोटा संग्राहकांच्या अल्बममध्ये आहेत आणि मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकल्या जातात. साध्या नोटेवर लाल अक्षर उमटवून ती खपवणारेही निघाले, म्हणून जाणकार आधी नोटेचा क्रमांक तपासतात; चाचणीच्या नोटांचे क्रमांक ठरलेले होते. अल्बममध्ये करकरीत राहिलेली अशी प्रत्येक नोट म्हणजे परीक्षेला न बसलेली नोट.

नवा कागद, नवी शाई, नवा लेप किंवा कागदाऐवजी प्लास्टिक वापरून पाहण्यासाठी छापलेल्या अशा नोटा जगभर निघत आल्या आहेत. आपल्यापर्यंत त्यातल्या फार थोड्या पोहोचतात. बहुतेक चाचणी नोटा छापखान्याच्या आवाराबाहेर पडतच नाहीत. त्यांच्यावर कोणत्याही देशाचं नाव नसतं, किंमतही नसते. एखाद्या शास्त्रज्ञाचं किंवा संगीतकाराचं चित्र, एखादा पक्षी, भोवती नक्षी. बाकी सगळं मात्र खऱ्या नोटेसारखं असतं. तेच बारीक कोरीव काम, तोच सुरक्षा धागा, तेच जलचिन्ह. जर्मनीची गिझेके अँड डेव्हरियंट, इंग्लंडची द ला रू अशा नोटछपाईतल्या जुन्या कंपन्या आपापल्या चाचणी नोटा काढतात. नवी शाई खऱ्या यंत्रावर, खऱ्या वेगात, खऱ्या दाबाखाली कशी वागते हे बाटलीकडे बघून कळत नाही. त्यासाठी ताव छापावेच लागतात. नोटा मोजणारी, छाननी करणारी आणि एटीएममधली यंत्रंही नवी नोट बाजारात येण्याआधी अशाच नमुन्यांवर जुळवून घेतली जातात.

नोटेचा कागद बदलणं एवढं अवघड का होतं, ते समजायला आधी जुना कागद समजून घ्यावा लागतो. नोटेचा कागद वहीच्या कागदासारखा लाकडाच्या लगद्याचा नसतो. आपल्या नोटांचा कागद कापसाचा असतो. अमेरिकेच्या नोटेत ७५ टक्के कापूस आणि २५ टक्के जवसाच्या झाडाच्या तंतूंचं लिनन असतं. कापसाचे तंतू लांब असतात आणि जवळजवळ शुद्ध सेल्युलोजचे असतात. लाकडाच्या कागदाला काळाबरोबर पिवळं पाडणारं लिग्निन त्यात नसतं. अमेरिकेच्या नोटछपाई खात्याच्या सांगण्यानुसार त्यांची नोट एकदा पुढे आणि एकदा मागे अशी सुमारे ४,००० वेळा दुमडल्यावर फाटते. शिवाय हा कागद छपाईला मनापासून साथ देतो. नोटेवरचं चित्र बोटाला उठावदार लागतं ते इंटॅग्लिओ छपाईमुळे. या छपाईत धातूच्या पत्र्यावर चर कोरलेले असतात, चरांत घट्ट शाई भरलेली असते आणि प्रचंड दाबाखाली कागद त्या चरांत शिरून शाई उचलून घेतो. कापसाचा कागद दबतो, शिरतो, शाई थोडी पिऊन घेतो. शेकडो वर्षं सगळी यंत्रं, सगळ्या शाया आणि कारागिरांचं सगळं कौशल्य या एका स्वभावाभोवती घडत गेलं. कागद बदलला की या सगळ्याची घडी विस्कटते.

एवढा चांगला कागद असूनही नोट बाद होते ती बहुतेक वेळा फाटून नव्हे, तर मळून. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेतल्या संशोधकांनी या मळाचा फार बारकाईने अभ्यास केला. आपण ज्याला मळ म्हणतो त्यात धुळीपेक्षा मोठा वाटा आपल्या बोटांवरच्या तेलाचा असतो. त्वचेतून पाझरणारं हे तेल कागदात मुरतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि ते पिवळं-तपकिरी पडतं. म्हणून जुन्या नोटेचा पांढरा भाग आधी पिवळट होतो. पिशवीतली एखादी जुनी दहाची नोट उलगडून उजेडात धरली तर हे सगळं एका नजरेत दिसतं. मधल्या उभ्या-आडव्या घड्यांवरची शाई उडून पांढऱ्या रेषा उमटलेल्या असतात. दोन घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असतं आणि त्यातून उजेड येतो. कडा मऊ होऊन त्यांचे तंतू सुटलेले असतात. जलचिन्हाची मोकळी जागा सर्वांत जास्त पिवळी असते, कारण मळ लपवायला तिथे छपाईच नसते.

प्रयोगशाळेत नोटेचं हेच आयुष्य काही तासांत घडवून आणायचा प्रयत्न होतो. नोटेची सुरळी करून ती एका लहान नळकांड्यात घालतात आणि दट्ट्याने दाबून तिचा बोळा करतात; मग ती उलगडायची, फिरवायची आणि पुन्हा दाबायची. घडीचं यंत्र नोट ताणून धरून पुढे-मागे दुमडत राहतं, ती तुटेपर्यंत. कृत्रिम घाम, तेल आणि रंगीत माती यांच्या मिश्रणाबरोबर नोटा फिरत्या पिंपात घातल्या जातात. धुलाई यंत्रात साबणाच्या गरम पाण्यात त्यांना घुसळतात, कारण खिशात राहिलेली नोट धुतली जाते हे साऱ्या जगाचं वास्तव आहे. उन्हाच्या तोडीच्या दिव्याखाली त्या कित्येक तास ठेवतात, रसायनांत बुडवतात. प्रत्येक टप्प्यानंतर रंग किती उतरला, कागद किती लुळा पडला, कुठे चीर गेली याची मोजमापं घेतली जातात.

या चाचण्या अत्यंत गरजेच्या आहेत. फसणारी कल्पना लवकर आणि स्वस्तात फसते, हा त्यांचा मोठा उपकार. पण नोटछपाईचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. प्रयोगशाळेत घाम तयार करता येतो, हात तयार करता येत नाही. माणसं पैसा कशी हाताळतात, कुठे ठेवतात, कशात गुंडाळतात, त्याच्याविषयी त्यांच्या मनात काय असतं, याची परीक्षा बाजारातच होते. ज्या देशांनी ही परीक्षा धीराने घेतली त्यांचं साधलं. ज्यांनी ती उरकली त्यांना मागे फिरावं लागलं.

टायवेकचं उदाहरण घेऊ. ड्यूपाँ या अमेरिकी कंपनीचं हे प्लास्टिकच्या तंतूंचं कागदासारखं कापड. कुरिअरची न फाटणारी पांढरी पाकिटं त्याचीच असतात. हाताने ओढून ते फाटत नाही, पाण्याने भिजत नाही. नोटेसाठी याहून चांगलं काय असणार, असा विचार करून अमेरिकन बँक नोट कंपनीने १९८० च्या सुमारास टायवेकवर नोटा छापायला घेतल्या. हैती आणि कोस्टा रिका या देशांत त्या चलनात आल्या. होंडुरास, एल साल्वाडोर, इक्वेडोर, व्हेनेझुएला यांच्यासाठी चाचणी नोटा छापल्या गेल्या. हे सगळे उष्ण, दमट हवेचे देश. तिथल्या उकाड्यात आणि घामात टायवेकवरची शाई फिसकटू लागली. कापड टिकलं, पण त्यावरची नोट टिकली नाही. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, ब्रिटनशेजारच्या आइल ऑफ मॅन या थंड हवेच्या बेटावर ब्रॅडबरी विल्किन्सन या छापखान्याने ब्रॅडव्हेक नावाने याच जातीच्या पदार्थावर एक पौंडाची नोट काढली. तीही १९८८ मध्ये बंद झाली. न फाटणाऱ्या पदार्थाने शाई धरून ठेवली पाहिजे, ही साधी अट टायवेकला पेलली नाही.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती या सगळ्या इतिहासातली सर्वांत शिकण्यासारखी वाटते. १४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियाने दशमान चलन आणलं आणि त्यासाठी अगदी नव्या, त्या काळातल्या उत्तम सुरक्षेच्या नोटा छापल्या. वर्ष संपायच्या आत दहा डॉलरच्या बनावट नोटा सापडल्या. एकूण सुमारे आठ लाख डॉलर किमतीच्या त्या नोटा कुणा मुरलेल्या आंतरराष्ट्रीय टोळीने नव्हे, तर साध्या साधनांनी काम करणाऱ्या एका छोट्या गटाने छापल्या होत्या. ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स यांनी तेव्हा छापखान्याचा सल्ला घेऊन थांबण्याऐवजी शास्त्रज्ञांना हाक मारली. १९६८ मध्ये थ्रेडबो या डोंगरातल्या गावी बँकेची माणसं आणि वैज्ञानिक एकत्र बसले. पुढचं काम तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेने, म्हणजे सीएसआयआरओने हाती घेतलं. रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड सॉलोमन त्या कामाचे प्रमुख होते.

त्यांचा पहिला प्रश्न ‘कागद टिकाऊ कसा करायचा’ हा नव्हताच. रंगीत फोटोकॉपीची यंत्रं येऊ घातली होती. कागदावर जे काही छापता येतं त्याची नक्कल करता येते, मग नोटेत असं काय घालावं की ते यंत्राला दिसेल पण उतरवता येणार नाही? तिरपं केल्यावर रंग आणि आकार बदलणारी, प्रकाशाचं विवर्तन करणारी बारीक रेघांची जाळी हे त्यांना सुचलेलं एक उत्तर. ती जाळी कागदात नीट बसेना, म्हणून पारदर्शक प्लास्टिक आलं. १९७३ मध्ये पहिलं पेटंट दाखल झालं. शेवटी पसंत पडली ती उभी आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनी ताणलेली पॉलिप्रॉपिलीनची फिल्म. तिच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या शाईचे थर देऊन ती अपारदर्शक करायची आणि हवी तिथे खिडकी उघडी सोडायची. टिकाऊपणा हा त्यातून पदरात पडलेला लाभ होता.

मग छपाईचा डोंगर उभा राहिला. प्लास्टिक शाई पीत नाही, ती वरच्या वर राहते आणि वाळायला वेळ घेते. तावांवर स्थिर वीज साठते, त्यामुळे ते एकमेकांना चिकटतात किंवा निसटतात, थप्पी नीट लागत नाही. दुमडलेली नोट पुन्हा उघडते, खिशात बसत नाही. एकेका अडचणीसाठी चाचणी नोटा छापायच्या, कुटायच्या, धुवायच्या आणि शाईचं किंवा लेपाचं मिश्रण बदलून पुन्हा छापायच्या, असं हे काम वर्षानुवर्षं चाललं. थ्रेडबोच्या बैठकीपासून पहिली नोट लोकांच्या हाती पडेपर्यंत वीस वर्षं गेली.

ती नोट २६ जानेवारी १९८८ रोजी निघाली. ऑस्ट्रेलियातल्या युरोपीय वसाहतीला दोनशे वर्षं झाल्याच्या निमित्ताने काढलेली दहा डॉलरची नोट. एका बाजूला ‘सप्लाय’ हे जहाज, दुसऱ्या बाजूला एक आदिवासी तरुण आणि पारदर्शक खिडकीत कॅप्टन कुकची चमकती प्रतिमा. स्मारक नोट म्हणून ती मिरवली, पण खऱ्या अर्थाने ती साऱ्या देशभर पसरलेली चाचणी होती. आणि वीस वर्षांच्या तयारीनंतरही बाजाराने एक दोष दाखवलाच. बोटाने घासल्यावर शाई निघते, हे लोकांच्या लगेच लक्षात आलं. वरचा संरक्षक लेप सुधारावा लागला. त्यानंतरही ऑस्ट्रेलियाने घाई केली नाही. प्लास्टिकची पाच डॉलरची नेहमीची नोट १९९२ मध्ये आली आणि शंभरची १९९६ मध्ये. तेव्हा कुठे सगळं चलन प्लास्टिकचं झालं. एका अपयशी नोटेने कल्पनेचाच गळा घोटला जाऊ नये, म्हणून ती नोट आधी एकटीच पाठवायची, तिच्याकडून शिकायचं आणि मगच पुढची छापायची, हा त्यांचा शहाणपणा.

आपल्या शेजाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाची तयार नोट घेऊन पाहिली. श्रीलंकेने १९९८ मध्ये स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांनिमित्त २०० रुपयांची प्लास्टिकची नोट काढली. बांगलादेशाने २००० मध्ये १० टाक्यांची, नेपाळने २००२ मध्ये राजे ज्ञानेंद्र यांच्या राज्यारोहणानिमित्त १० रुपयांची. तिन्ही देश पुढे कागदावरच परतले. आफ्रिकेत नायजेरियाने २००७ मध्ये २० नायराची नोट प्लास्टिकवर आणली, नंतर आणखी लहान नोटा आणल्या. तिथल्या उन्हात आणि वापरात रंग उडाल्याच्या तक्रारी आल्या. याउलट रोमानियाने १९९९ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी प्लास्टिकची नोट काढली आणि पुढे सगळं चलनच प्लास्टिकवर नेलं. पदार्थ तोच, परिणाम निराळे. म्हणून ‘प्लास्टिक चांगलं की कागद’ या प्रश्नाला एकच उत्तर आहे असं मला वाटत नाही. युरोपने तर तिसराच मार्ग धरला. पाच आणि दहा युरोच्या नोटा सर्वांत जास्त हात बदलतात, म्हणून २०१३ आणि २०१४ मध्ये आलेल्या नव्या मालिकेत कागद कापसाचाच ठेवून त्यावर वार्निशसारखा पातळ लेप दिला. स्वित्झर्लंडने २०१६ पासूनच्या मालिकेत कागद, मध्ये प्लास्टिक आणि पुन्हा कागद असा तीन थरांचा पदार्थ वापरला. तो पदार्थ छपाईला नीट तयार होईपर्यंत त्यांच्या नोटा काही वर्षं लांबल्या.

बँक ऑफ इंग्लंडने तर आधी जनतेला विचारलं. २०१३ मध्ये देशभर ठिकठिकाणी प्लास्टिकचे नमुने लोकांच्या हातात दिले, त्यांची मतं मागवली. सुमारे १३ हजार लोकांनी मत कळवलं आणि त्यातल्या ८७ टक्क्यांनी प्लास्टिकच्या बाजूने कौल दिला. नोट कागदापेक्षा किमान अडीच पट टिकेल, १२० अंश सेल्सियसच्या वर मात्र आकसू लागेल, असं सगळं तपासून सांगितलं. सप्टेंबर २०१६ मध्ये चर्चिलचं चित्र असलेली पाच पौंडाची नोट बाजारात आली. दोन महिन्यांत वाद उसळला. प्लास्टिकच्या दाण्यांमध्ये मिसळलेल्या एका घटकात जनावरांच्या चरबीचा अत्यल्प अंश होता. शाकाहारी आणि वीगन लोकांनी आक्षेप घेतला, तिथल्या हिंदूंनी घेतला, काही देवळांनी ती नोट दानात घ्यायला नकार दिला. आक्षेपाच्या अर्जावर एक लाखाहून जास्त सह्या झाल्या. बँकेने पर्याय तपासले, ताडतेलाचा विचार केला आणि २०१७ च्या ऑगस्टमध्ये आहे तोच पदार्थ ठेवायचं ठरवलं. या प्रकरणात प्रयोगशाळेची चूक नव्हती. नोट देवापुढे ठेवली जाते, तिला हळदकुंकू लागतं, ती आहेरात आणि दक्षिणेत दिली जाते, हे तपासण्याच्या यादीत कुणी लिहिलेलंच नव्हतं.

आपल्याकडे हे सगळं किती पटींनी मोठं होतं, त्याची कल्पना दोन आकड्यांवरून येते. २०२२-२३ या एका वर्षात रिझर्व्ह बँकेने नोटांच्या छपाईवर ४,६८२.८ कोटी रुपये खर्च केले. आणि वर्षाकाठी बाद करून नष्ट केलेल्या नोटांची संख्या २०२३-२४ मध्ये दोन हजार कोटींहून अधिक होती. म्हणजे नोटेचं सरासरी आयुष्य थोडं जरी वाढलं तरी वाचणारा कागद, शाई आणि पैसा यांचा आकडा डोळे विस्फारायला लावणारा असेल.

म्हणूनच दहा रुपयांच्या १०० कोटी प्लास्टिकच्या नोटा चाचणीसाठी बाजारात आणायचं ठरलं. २०१४ मध्ये सरकारने संसदेत तसं सांगितलं. कोची, म्हैसूर, जयपूर, सिमला आणि भुवनेश्वर ही पाच शहरं निवडली गेली. निवड हवामान पाहून केली होती: किनाऱ्यावरचा दमटपणा, राजस्थानचं कोरडं ऊन, हिमाचलची थंडी, दख्खनची मध्यम हवा. २०१७ मध्ये संसदेत पुन्हा या चाचणीचा उल्लेख झाला. पण दहाची प्लास्टिकची नोट आपल्या हाती काही आली नाही. २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात दुसरा मार्ग पुढे आला: शंभर रुपयांच्या कागदी नोटेलाच वार्निश देऊन ती चाचणीसाठी बाजारात आणायची.

या बदलात मला तथ्य दिसतं. दहाची नोट सर्वांत जास्त हाल सोसते हे खरं, म्हणून ती चाचणीला योग्य वाटते. पण दहाची नोट बँकेत फारशी परतच येत नाही. ती भाजीवाल्याकडून रिक्षावाल्याकडे, तिथून चहाच्या टपरीवर अशी फिरत राहते आणि पार चिंध्या होईपर्यंत चालवली जाते. परत न येणाऱ्या नोटेचं आयुष्य मोजायचं कसं? शंभरची नोट त्या मानाने बँकेत लवकर फिरून येते, छाननीच्या यंत्रातून जाते, तिची नोंद होते. शिवाय कापसाचा कागद कायम राहिला तर नाशिकरोड, देवास, म्हैसूर आणि सालबोनी इथल्या छापखान्यांची घडी मोडावी लागत नाही. १९२८ मध्ये नाशिकला पाच रुपयांची नोट छापायला सुरुवात झाली. तोवर आपल्या नोटा इंग्लंडहून छापून येत. कागदही पुढे कित्येक वर्षं मोठ्या प्रमाणावर बाहेरून येत राहिला. १९६८ मध्ये होशंगाबादला सरकारी कागद कारखाना सुरू झाला आणि गेल्या दशकात म्हैसूरलाही नोटेचा कागद तयार होऊ लागला. इतक्या सायासाने उभं केलेलं घरचं काम सोडून परदेशी फिल्मवर अवलंबून राहायचं, तर तिचा फायदा तेवढाच स्पष्ट दिसायला हवा.

शहरांच्या निवडीबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. हवामान पाच प्रकारचं घेतलं, ते योग्यच. पण नोटेला हवेपेक्षा हात जास्त छळतात. मुंबईतल्या ससून डॉकवर पहाटे मासळीच्या पाटीवरून ओल्या हाताने दिली जाणारी नोट, दादरच्या फुलबाजारात पाणी शिंपडलेल्या झेंडूच्या ढिगावर पडणारी नोट, कमरेच्या चंचीत चार घड्या घालून खोचलेली नोट, मोजताना जिभेला लावलेलं बोट पुसून घेणारी नोट, या परीक्षा कोणत्याही पिंपापेक्षा कडक आहेत. बंडलांना टाचण्या मारण्याची आपली जुनी सवय मोडण्यासाठी रिझर्व्ह बँकेला २००१ मध्ये बँकांना आदेश काढावे लागले होते. टाचणीच्या भोकातून कागद हळूहळू फाटतो. प्लास्टिकचं तसं नसतं. त्याला एकदा चीर गेली की ती सरळ पुढे धावते. म्हणजे हीच एक सवय दोन पदार्थांना दोन वेगळ्या प्रकारे मारक ठरते. आणखी एक गोष्ट अशी, की नोट शहरात थांबत नाही. कोचीत सोडलेली नोट ट्रकचालकाच्या खिशातून आठवड्याभरात कोल्हापूरला किंवा वाशीच्या बाजारात पोहोचते. तेव्हा चाचणीची नोट कुठेही परत आली तरी ओळखून बाजूला काढता यावी, अशी क्रमांकांची सोय सुरुवातीपासून हवी. अमेरिकेने १९३० च्या दशकातल्या कागदाच्या चाचण्यांत हेच केलं होतं. तिथे नोटेवर वेगळी खूण नव्हती, फक्त क्रमांकातली अक्षरं राखून ठेवलेली होती. लोकांना फरक जाणवत नाही आणि बँकेला तो ओळखता येतो. आज प्रत्येक नोटेचा क्रमांक यंत्र वाचू शकतं, तेव्हा ही पद्धत आपल्याला कितीतरी सोपी आहे.

अशी चाचणी होईल तेव्हा तिचे आकडे लोकांसमोर यायला हवेत: किती नोटा सोडल्या, किती परत आल्या, कशामुळे बाद झाल्या, सोबतच्या साध्या नोटांचं काय झालं. नोट सगळ्यांची असते, तिची परीक्षा आपलेच हात घेणार असतात, तर निकालही आपल्याला कळायला हवा. आणि आपल्या बाजूनेही एक करण्यासारखं आहे. कधी शंभराची एखादी नोट नेहमीपेक्षा गुळगुळीत, किंचित चमकदार लागली, तर नवल म्हणून ती कपाटात ठेवू नका. ती खर्च करा, आणि नेहमी जशी वापरता तशीच वापरा.